भरदुपारची बॅटरी

कंपनीची बस चाकणच्या चौकाच्या अलीकडं खड्ड्यात आदळली आणि ज्योतीरामच्या मांडीवरची बॅटरी आपोआप पेटली. भर दुपार. पहिली शिफ्ट सुटलेली, खिडकीतून ऊन अंगावर येतंय, आणि त्या उन्हात एक पिवळा गोल समोरच्या सीटच्या फाटक्या रेक्झिनवर थरथरतोय. ज्योतीराम बघतच राहिला. बटण दाबून त्यानं ती बंद केली, परत लावली. नवे सेल होते. स्प्रिंग ढिली होती म्हणून त्यानं स्वतः रबर गुंडाळून दिली होती ही बॅटरी, ते रबर गेलेलं, स्प्रिंग नवी. काच आतून-बाहेरून पुसलेली. पितळेच्या कड्याला ब्रासो मारलेला, असा की त्यात बसचं छत दिसावं. देऊन दोन पावसाळे झाले असतील. ज्योतीराम तर विसरूनही गेला होता. आणि आज कंपनीच्या गेटवर ड्यूटी सुटताना जोडीच्या बुद्धरत्ननं ती दोन्ही हातांनी पुढं केली. "उस्ताद, तुमची बॅटरी. फार दिवस राहिली माझ्याकडं." ज्योतीरामनं विचारलं, सगळं बरं ना. तो म्हणाला, सब ठीक उस्ताद. आणि ज्योतीराम, सतरा पोस्टवर नोकरी करून आलेला हवालदार ज्योतीराम, गेटवरच्या सगळ्या फौजी गड्यांचा थोरला, काय म्हणाला? शाब्बास म्हणाला. पाठीवर थाप मारली, शाब्बास म्हणाला, त्याला कुणाच्या तरी दुचाकीमागं बसून पुढं जाऊ दिलं आणि बसमध्ये येऊन खिडकी धरून बसला. आता ते शाब्बास त्याच्या तोंडात कडू झालं. थुंकायला जागा नव्हती.

कारण हे त्यानं आधी एकदा पाहिलेलं होतं. फौजेत माणूस पलटण सोडून निघाला, बदलीवर म्हणा, पेन्शनीवर म्हणा, की त्याला क्लिअरन्स करावं लागतं. स्टोअरचं सामान स्टोअरला, ताट-वाटी लंगरला, कुणाची उसनी घेतलेली सुई असली तरी ती त्याला. घोंगडी धुऊन, घडी घालून, कडेला कड लावून. बूट असे चमकवायचे की मागून येणाऱ्यानं म्हणावं, गेला पण मर्दासारखा गेला. मग सगळ्यांनी मान हलवायची, तेव्हा कुठं गेट उघडतं. ही सवय अंगात अशी मुरते की पेन्शनीला वर्षं झाली तरी फौजी माणूस दुसऱ्याची वस्तू घरात ठेवून झोपत नाही. भिमाजीनं हेच केलं होतं. भिमाजी त्याच्याच प्लाटूनचा, त्याच्याच वयाचा, जुन्नरकडचा, जेवताना ताटातली मिरची ज्योतीरामच्या ताटात टाकणारा. ह्याच गेटवर दोघं उभे राहायचे. गेल्याच्या मागल्या हिवाळ्यात एक दिवस भिमाजीनं ज्योतीरामचं ब्लँकेट आणून दिलं, धुतलेलं, फौजी घडी घातलेलं. सायकल पुतण्याला देऊन टाकली. घरातला गळका नळ बदलला, गॅसची टाकी भरून आणली, चहावाल्या छबूबाईचा कप सुद्धा नेऊन दिला, कधी चुकून घरी नेला होता तो. आणि ज्योतीराम टपरीवर सगळ्यांना ऐकवत होता, बघा रे, ह्याला म्हणत्यात फौजी, गावाला निघालाय वाटतं, शेतीबितीचं बघंल, मार्गाला लागला एकदाचा. त्यालाही तो शाब्बासच म्हणाला होता. चौथ्या दिवशी भिमाजी नव्हता. स्वतःच्या हातानं गेला. कसा गेला ते ज्योतीराम कुणाला सांगत नाही आणि कुणी खोदून विचारायला लागलं तर त्याच्या अंगावर जातो. लोकांना तेवढंच ऐकायचं असतं.

बस थांबली. पुढं कांद्याच्या ट्रका आडव्या लागलेल्या, मार्केटचा लिलाव सुटलेला, वाऱ्यानं कांद्याची सालं उडून खिडकीतून आत येत होती. ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं म्हणजे आता बराच वेळ. मागच्या सीटवरच्या पोरी मोबाइलवर काहीतरी बघून हसत होत्या.  ज्योतीरामला एकदम रविराज आठवला. रविराज म्हणजे एजन्सीचा माणूस, गेटवर माणसं पुरवणारा, पंधरा ऑगस्टला ह्या सगळ्या फौजींच्या खांद्यावर शाल टाकून फोटो काढणारा. तोच दहाव्याच्या आधी भिमाजीच्या बायकोच्या, कस्तुरावैनीच्या दारात आला आणि युनिफॉर्म मागितला. शर्ट, पँट, टोपी, शिट्टी. एजन्सीचं सामान आहे काकू, दुसऱ्या माणसाला द्यायचंय. आणि त्या बाईनं काय करावं, आत गेली आणि इस्त्री केलेली घडी आणून दिली. भिमाजीनं स्वतःच करून ठेवली होती. रविराज घडीकडं बघून म्हणाला, वा, एकदम टापटीप. ज्योतीराम तिथंच ओट्यावर बसलेला. त्यानं त्याची गचांडी का धरली नाही? अजून हाताला खाज सुटते. शाल मागतो का रे परत, ती पण धुऊन देतो, असं का म्हटलं नाही? आणि पेपरात काय आलं होतं, आतल्या पानावर, बोटाच्या पेराएवढं. सुरक्षारक्षकाचा मृत्यू, घरगुती कारण. सुरक्षारक्षक. बर्फात पायाची दोन बोटं ठेवून आलेला माणूस मेला तेव्हा वॉचमन होता. फौजेत असताना गेला असता तर फौजेनं मोजला असता, चौकशी लागली असती, कुणीतरी वरून विचारलं असतं की का. बाहेर येऊन मेला तो कुणाच्याच मोजदादीत नाही. ह्या पट्ट्यात चाकण ते भोसरी किती गेटवर किती फौजी उभे आहेत, त्यातले किती गेले, विचारा कुणालाही. एक दारूनं गेला, एक घरच्या भांडणानं गेला, एक कर्जानं गेला. फौजी कुणीच गेला नाही. मग कोण कशाला काय करील.

नाही म्हणायला एक झालं होतं. भिमाजीनंतर एजन्सीनं हॉलमध्ये सगळ्या फौजी गार्डांना बसवलं होतं. एसी लावलेला. कोट घातलेला एक गृहस्थ आला, वाईट नव्हता बिचारा, पण त्याला कुणी काही सांगितलंच नव्हतं. पडद्यावर चित्रं दाखवली, सूर्य उगवतोय, बाई डोळे मिटून बसलीय. म्हणाला, मन मोकळं करा, दीर्घ श्वास घ्या, सकाळी उठून तीन चांगल्या गोष्टी आठवा. मग म्हणाला, कुणाला काही त्रास आहे का, झोप येत नाही, जगू नये असं वाटतं, असेल तर हात वर करा. अरे बाबा. पहिल्या रांगेत रविराज बसलाय. त्याच्या शेजारी कंपनीचा साहेब बसलाय. आणि मागं हॉलभर फौजी, पाठ ताठ, हात गुडघ्यावर. ज्यांना वीस-वीस वर्षं एकच शिकवलं, की वरच्यानं विचारलं तर उत्तर एकच, सब ठीक है साहब. ताप असला तरी सब ठीक. बापाची माती चुकली तरी सब ठीक. त्यातला कोण हात वर करणार? आणि केला असता तर उद्या गेटवर ठेवला असता का त्याला? एकही हात वर गेला नाही. कोटवाला खूश झाला, टाळ्या वाजल्या, वडापाव वाटले. ज्योतीरामनं खाल्ला तो वडापाव. शेजारी बुद्धरत्न होता, त्यानं नाही खाल्ला, कागदात गुंडाळून खिशात ठेवला. उस्ताद, नंतर खातो. तेव्हापासूनच बघायला पाहिजे होतं का ह्या पोराकडं? पोर म्हणजे चाळिशी ओलांडलेला, पण ज्योतीरामला पोरच.

बुद्धरत्न मूळचा पिंपरीचा, आता मोशीत खोली घेऊन राहणारा, बाप कंपनीत फिटर होता. आईनं वस्तीत पेढे वाटले होते तो भरती झाला तेव्हा. बोलणं नीट, कपडे नीट, गाडीतल्या साहेबाशी इंग्रजीत बोलणारा, म्हणून मेन गेटवर तोच. मागच्याच आठवड्यात एका नव्या साहेबाची गाडी आली. बुद्धरत्न कामगारांच्या बॅगा तपासत होता, पाठ होती, सॅल्यूट राहिला. गाडी पुढं जाऊन थांबली, मागं आली. काच खाली झाली. आणि त्या पोरसवदा साहेबानं सुटलेल्या शिफ्टसमोर त्याला परत सॅल्यूट मारायला लावला. हसत. राग बिग नाही, गंमत म्हणून. बुद्धरत्ननं मारला. एकदम कडक, बोटं भिवईला, जसा निशाणाला मारावा तसा. ज्योतीराम केबिनमधून बघत होता, आणि त्याला वाटलं होतं, चला, प्रकरण मिटलं. मिटलं! त्यानं स्वतःच्या मांडीवर बुक्की मारली तशी शेजारचा कामगार सरकून बसला. बुद्धरत्नच्या घरी बायको दीक्षा नाही, पोरीला घेऊन दापोडीला आईकडं गेलीय, जातानाच सांगून गेली म्हणे की तुम्ही बोलत नाही, भिंतीशी संसार किती दिवस करू. आणि घरी कपाटात बंदूक. त्याची स्वतःची, लायसनची, बारा बोअरची. आधी तो पैशांच्या गाडीवर गनमॅन होता, स्वतःची बंदूक असली की एजन्सी चार पैसे जास्त देते, म्हणून घेतलेली. गेटवर ती लागत नाही, म्हणून घरी. हे ज्योतीरामला ठाऊक होतं. सगळंच ठाऊक होतं. सुट्टं-सुट्टं ठाऊक होतं.

कस्तुरावैनी त्याला एकदाच बोलली होती, वर्षश्राद्धाला, पंगत उठल्यावर, भांडी घासता घासता. तिनं दोष दिला नाही, तेच जास्त लागलं. म्हणाली, "मला बी वाटलं, घर आवरत्यात. बरं वाटलं मला. पण भाऊजी, कुणीतरी त्यास्नी तोंडावर इचारायला पायजे हुतं." ज्योतीराम म्हणाला होता, वैनी, असं कसं इचारायचं, नसंल मनात तर यायचं. त्यावर ती हातातलं पातेलं तसंच धरून म्हणाली, "मनात हुतंच की. आपूनच तेवढं भ्यालो." बर्फाला भ्याला नाही, गोळीला भ्याला नाही ज्योतीराम. पण चार शब्दांना भ्याला. तो तिथून उठून आला, तेव्हापासून त्या घरी गेला नाही.

त्यानं फोन लावला. तीनदा वाजला. "बोला उस्ताद." मागं एकदम शांत होतं, पंख्याचा आवाज सुद्धा नाही. काय करतोस, तर काही नाही, जरा घर आवरतोय. जेवलास का, तर हो. आवाज इतका हलका, इतका गोड, जसा सुट्टी मंजूर झालेल्या माणसाचा असतो. "सब ठीक ना रं?" ज्योतीरामच्या तोंडून सवयीनं गेलंच. "सब ठीक उस्ताद." आणि फोन बंद.

ज्योतीराम उठला. ड्रायव्हरला म्हणाला, दार उघड, मोशीला जायचंय. ड्रायव्हर म्हणाला, मामा, मोशी लांब हाय अजून, चालत जाताय का. ज्योतीरामनं असं बघितलं की दार उघडलं. खाली ट्रका, टेम्पो, कंपन्यांच्या बसेस, दुचाक्या, सगळं एकमेकात अडकलेलं, सगळे हॉर्न वाजवतात आणि हलत कुणीच नाही. त्याच्या डोक्यात काहीतरी तुटलं. गळ्यातली एजन्सीची शिट्टी त्यानं तोंडात धरली आणि अशी फुंकली की कांद्याच्या ट्रकवरचा हमाल दचकून खाली बसला. हात आडवा करून तो रस्त्याच्या मधोमध उभा. तू मागं. तू थांब. तुला डोळे हायत का बटणं, घे डावीकडं. निळ्या वर्दीतला म्हातारा, मिशा थरथरतायत, एका हातात दिवसाढवळ्या पेटलेली बॅटरी. लोकांना वाटलं, असेल कुणीतरी सरकारी. एक फट पडली. त्या फटीतून एक गडी मोपेड घेऊन निघाला, पुढं कांद्याची गोणी. ज्योतीरामनं त्याचं हँडल धरलं. तो आधीच घाबरून म्हणाला, साहेब, लायसन घरी राहिलंय. "लायसन घाल चुलीत. मोशीला सोड." गडी म्हणाला, दंड घ्या ना त्यापेक्षा. तरी नेलं त्यानं. गोणी पायात, ज्योतीराम मागं, आणि सगळा रस्ताभर तो वाऱ्यावर शिव्या देत होता. रविराजला, गाडीतल्या पोराला, कोटवाल्याला, पेपरवाल्याला, भिमाजीला सुद्धा दिल्या, भडव्या, मला सांगायचं हुतंस, मिरच्या टाकायला मी आणि हे सांगायला कुणी न्हाई? मोपेडवाल्याला वाटलं हे आपल्यालाच. त्यानं स्पीड वाढवला.

बुद्धरत्नची खोली दुसऱ्या मजल्यावर. दार उघडंच. फरशी नुकतीच पुसलेली, ओली. भांडी पालथी. दाराशी एका ओळीत शेजाऱ्यांच्या वस्तू मांडलेल्या, पक्कड, छत्री, कुणाचं तरी इडलीपात्र, सगळं घासूनपुसून. भिंतीवर बुद्धांचा आणि बाबासाहेबांचा फोटो, त्यांना ताजी फुलं. आणि बुद्धरत्न बनियनवर, टेबलाशी उभा राहून एजन्सीचा शर्ट इस्त्री करतोय. एकदम सावकाश, बाहीला बाही जुळवून. ज्योतीरामनं ती घडी ओळखली. त्यानं दाराची चौकट धरली.

"उस्ताद? तुम्ही? बसा ना, सब ठी—"

"गप," ज्योतीराम म्हणाला. "परत त्यो शब्द काढलास तर थोबाड फोडीन."

धाप लागली होती. काय बोलायचं ते त्यानं वाटेत ठरवलं नव्हतं, सगळा वेळ शिव्यांत गेला होता.  हे विचारलं की मनात येतं म्हणतात. मनात हुतंच की. त्याला पातेलं धरलेला तो हात दिसला.

"बुद्धरत्न, जीव द्यायचं ठरवलंयस का?"

खालून कुणीतरी पोराला हाक मारत होतं. बुद्धरत्न हलला नाही. इस्त्रीवर हात तसाच, डोळे त्या बाहीवर. ज्योतीरामही हलला नाही. पोस्टवर उभं राहावं तसा उभा राहिला, कितीही वेळ लागू दे म्हणून. जळका वास यायला लागला. शर्टातून धूर निघाला, बारीक, निळा, मग चांगलाच. दोघंही त्याकडं बघत होते आणि कुणीच इस्त्री उचलत नव्हतं.

"ठीक नाही, उस्ताद," बुद्धरत्न म्हणाला. एवढंच म्हणाला आणि त्याचा जबडा हलायला लागला, थांबेना.

ज्योतीरामनं इस्त्री उचलून उभी ठेवली. शर्टाच्या छातीवर, एजन्सीच्या नावावरच, काळं त्रिकोणी भोक. जळू दे, तो म्हणाला. आता मागू दे रविराजला. बुद्धरत्न ओल्या फरशीवर खाली बसला, आणि मग तुटक तुटक बोलत राहिला. झोप नाही. पोरगी हाक मारते ती लांबून, वायरलेसवर ऐकल्यासारखी येते. सॅल्यूटला हात वर जातो तो आपला वाटत नाही, कुणीतरी दोरी ओढल्यासारखा जातो. त्या दिवशी सॅल्यूट मारला आणि तेव्हापासून हात खाली आलाच नाही असं वाटतं. सगळ्यांना मोकळं करावं म्हटलं.

"मोकळं?" ज्योतीराम ओरडलाच. "जा, कस्तुरावैनीला इचारून ये किती मोकळी झाली. मला इचार. ते ब्लँकेट अजून तसंच घडीत हाय माझ्या घरी, उलगडायची छाती न्हाई झाली." मग त्याचा आवाज बसला. तो खाली बसला, त्याच्यासमोर, गुडघ्याला गुडघा लावून. "मला चांगलं बोलाया येत न्हाई. सूर्यबिर्य मला दाखवता येत न्हाई. मला फौजेचं तेवढं येतं. सांग, पोस्ट सोडायची असली तर आधी काय लागतं?"

बुद्धरत्ननं बाहीनं नाक पुसलं. बाही नव्हतीच, दंडानंच पुसलं. "बदली."

"बदलीवाल्यानं काय म्हणायचं?"

"चार्ज घेतला."

"आन् त्यानं न्हाई म्हटलं तर?"

बुद्धरत्ननं मान वर केली.

"तर पोस्टवरचा संत्री हलत न्हाई. बर्फ पडू दे न्हाईतर वरून आभाळ पडू दे. पाठ हाय ना? मग ऐक. तुझी बदली मी हाय. आन् मी चार्ज घेत न्हाई. आज न्हाई, उद्या न्हाई. ही तुझी बॅटरी, ही धर. मला माघारी नको." त्यानं ती त्याच्या मांडीवर टाकली. "एकच वस्तू घेतो तुझ्याकडनं. कपाटाची चावी."

ह्याला वेळ लागला. चावी बनियनच्या आत, करदोट्याला बांधलेली होती. गाठ सुटेना, मग ज्योतीरामनंच इस्त्रीच्या तापल्या टोकानं तो दोरा जाळला, आणि दोघांनाही, का कोण जाणे, बारीक हसू आलं. बंदूक निघाली. ज्योतीरामनं ती मोकळी करून चादरीत गुंडाळली, काडतुसं वेगळी आपल्या जेवणाच्या डब्यात घातली. पोलीस चौकीत जमा करायची, मग तिथून पिंपरीला, मोठ्या दवाखान्यात, मनाच्या डॉक्टरकडं. बुद्धरत्न म्हणाला, तिथं कागदावर नाव येईल, रविराजला कळलं तर गेट जाईल. गेट गेलं तर माझं पण जाईल, ज्योतीराम म्हणाला, दोघं मिळून कांदे विकू. मग त्यानं दीक्षाला फोन लावला आणि काही न बोलता बुद्धरत्नच्या हातात दिला. पलीकडून ती हॅलो हॅलो करत होती. बुद्धरत्ननं डोळे मिटले.

"दीक्षा," तो म्हणाला, "ठीक नाहीये मी." आणि मग बराच वेळ तीच बोलत होती. येतेय, एवढं ज्योतीरामला ऐकू आलं.

जिना उतरताना ज्योतीरामच्या खिशातला फोन वाजत होता. रविराज. उद्याच्या शिफ्टला माणसं मोजायची वेळ ही. त्यानं तो वाजू दिला. राग अजून तसाच होता, छातीत घट्ट बसलेला, आणि त्याला वाटलं, राहू दे, लागेल. अजून कितीतरी गेट आहेत ह्या रस्त्याला, आणि सगळ्या गेटांवर सब ठीक आहे.

रस्त्याच्या कडेला दोघं रिक्षाची वाट बघत उभे राहिले. चादरीतलं लांबलचक बोचकं ज्योतीरामच्या काखेत. बुद्धरत्नच्या हातातली बॅटरी पेटलेली होती, ऊन असल्यानं दिसत नव्हती, पण काचेपुढं त्याचा तळवा लाल झाला होता. त्याच्या लक्षात आलं तसं त्यानं बटणावर अंगठा ठेवला.

"सेल संपतील, उस्ताद."

"संपू देत," ज्योतीराम म्हणाला. "परत घालशील."